गावकुसाबाहेरच्यांनी कुणाला बाहेरचं म्हणावं?

पाल्हाळ लावत नाही, मुद्द्यावर येतो.

यंदाचा ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला आणि आमच्या ओझरच्या आसपासच्या एका गावात एक अर्ज फिरला. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही म्हणाल, तिथलं भांडण तिथं. आणि हा अर्ज उद्या तुमच्याही गावात फिरणार आहे. अर्ज ग्रामपंचायतीच्या नावानं, मागण्या तीन. एक, बौद्धवस्तीलगतच्या गायरानात ऊसतोडवाल्यांनी कोप्या घातल्यात त्या उठवा. दोन, वस्तीच्या नळावर त्यांच्या बायांना येऊ देऊ नका. तीन, त्यांची पोरं संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बसतात, ते बंद करा. वर विषय लिहिलेला, 'बाहेरच्या लोकांपासून स्थानिकांना होणारा त्रास'. खाली सह्या. वरच्या सह्या बागायतदारांच्या पोरांच्या आणि त्याखाली आपल्या पोरांच्या.

आपल्या म्हणजे आपल्याच. १ जानेवारीला भीमा कोरेगावला निळा झेंडा घेऊन जाणाऱ्या. १४ एप्रिलला रात्रभर जागणाऱ्या. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या. या पोरांशी माझं भांडण आहे. ते पाठीमागं कुजबुजत करण्यापेक्षा स्टेन्सिल कापून, शाई लावून केलेलं बरं.

पहिली गोष्ट. 'नळावर येऊ देऊ नका' हे वाक्य पुन्हा एकदा मोठ्यानं वाचा. हे वाक्य कुणाचं? हे आपण ऐकत आलेलं वाक्य आहे, आपलं नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेब गेले ते या वाक्याच्या विरोधात. शंभर वर्षं व्हायला आली. आणि आज ते वाक्य आपल्या पोरांच्या सहीनिशी पंचायतीत जातं. तुम्ही म्हणाल, आम्ही जात बघून नाही म्हणत, पाणी कमी पडतं म्हणून म्हणतो. हो का? महाडच्या सनातन्यांनीसुद्धा कारणं दिलीच होती. पाणी अडवणाऱ्याला कारण कधी कमी पडलेलं नाही.

पाणी कमी पडतं? कुठं? कुकडीच्या काठाला? येडगावच्या धरणाचं पाणी ओझरच्या देवळापर्यंत तुंबलेलं दिसतं. वर माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, तिकडं आंबेगावात डिंभे. एवढी धरणं उरावर घेऊन बसलेला तालुका, आणि बौद्धवस्तीच्या नळाला पाणी कमी. का कमी, हे बीडच्या बाईला विचारायचं की कालव्यावर मोटार टाकणाऱ्याला? डिंभ्यात, माणिकडोहात ज्या महादेव कोळ्यांची, ठाकरांची भातखाचरं बुडाली ते आज नारायणगावात रोजानं टोमॅटो तोडतात. त्यांच्या बुडालेल्या जमिनीवरचं पाणी ऊस पितो. तो ऊस तोडायला बीडहून माणूस येतो. आणि त्या माणसाची घागर आपल्या नळाखाली दिसली की आपल्याला त्रास होतो!

०००

आता त्या कोप्यांत कोण राहतं ते बघा. पन्नास पावलांवर आहेत, पण अर्ज लिहिणाऱ्यातला एकही तिकडं गेलेला नाही. मी गेलो. आष्टी, पाटोदा, धारूरकडची माणसं. वंजारी आहेत, बंजारा आहेत, जमीन नसल्यागत मराठे आहेत, मांग आहेत आणि बौद्ध आहेत. एका कोपीत आतल्या बांबूला सुतळीनं बाबासाहेबांचा फोटो बांधलाय. खाली दोन भांडी, एक पत्र्याची पेटी, तान्ह्या पोराची झोळी. त्या माऊलीनं मला 'जय भीम, दादा' म्हटलं आणि चहा ठेवला. पाणी लांबून आणलेलं होतं.

यांचा हिशेब समजून घ्या. दसऱ्याच्या आधी मुकादम उचल देतो. पन्नास हजार, कुणाला लाख. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसं, मोजताना एक. पहाटे चारला फडात. ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. आजारी पडलात तर खाडा, खाड्याचा दंड वेगळा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, तीसुद्धा संपाची भाषा केल्यावर. ती धरूनही टनाला साडेतीनशे-पावणेचारशेच्या घरात. हंगाम संपतो, उचल फिटत नाही, बाकी पुढच्या वर्षावर जाते. पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम, तोच ट्रक.

बाईला पाळी आली तरी खाडा, म्हणून बायांनी गर्भाशयंच काढून टाकली. २०१९ मध्ये बीडमध्ये सर्वेक्षण झालं तेव्हा अशा शस्त्रक्रिया झालेल्या ऊसतोड बायांची संख्या तेरा हजारांच्या वर निघाली. पंचवीस-तीस वर्षांच्या पोरी. आपल्या बहिणींच्या वयाच्या. या पोरींना तुम्ही नळावरून हाकलताय.

आणि बिबट्या? आपण ओझरची माणसं, बिबट्या काय ते आपल्याला सांगायला नको. ऊस हेच त्याचं घर झालं. आपण रात्री दार लावून घेतो. त्यांच्या कोपीला दार नाही. फडाच्या कडेला झोळीतलं पोर ठेवून आई ऊस तोडते. कोप्या वस्तीजवळ घालायचं कारण तेवढंच आहे की रात्री जवळ दिवा दिसावा, माणसाचा आवाज यावा. अर्ज मंजूर झाला तर कोप्या फडाला लागून जातील. मग एखादं पोर गेलं तर निषेधाचं निवेदन लिहायला तुम्हीच पुढं येणार. त्याचा मसुदा आत्ताच करून ठेवा.

०००

आता जरा लांब जाऊ. मला ही गोष्ट सांगायचीच आहे, कारण ऊस आणि 'बाहेरचा' यांचं नातं तिच्यात आरशासारखं दिसतं.

अमेरिकेच्या खाली कॅरिबियन समुद्रात एक बेट आहे. एकाच बेटावर दोन देश. पश्चिमेला हैती, पूर्वेला डोमिनिकन रिपब्लिक. हैती म्हणजे ज्या काळ्या गुलामांनी १७९१ मध्ये बंड केलं, नेपोलियनच्या फौजेला हरवलं आणि १८०४ मध्ये स्वतःचं राज्य उभं केलं, तो देश. ज्योतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. त्याच्या कितीतरी आधी हैतीच्या गुलामांनी स्वतःच स्वतःला मुक्त केलं होतं. याची शिक्षा त्यांना झाली. १८२५ मध्ये फ्रान्सनं लढाऊ जहाजं उभी करून पंधरा कोटी फ्रँकची भरपाई मागितली. कशाची भरपाई? तर मालकांचे गुलाम गेले त्याची. पुढं ती रक्कम नऊ कोटी झाली, पण ती फेडायला काढलेली कर्जं हैती १९४७ पर्यंत फेडत होता. यालाच मी उचल म्हणतो. आख्ख्या देशाच्या डोक्यावर बसवलेली उचल.

डोमिनिकन माणसाच्याही मनात हैतीविषयी सल आहे, ती खोटी नाही. १८२२ ते १८४४ हैतीचं राज्य त्यांच्यावर होतं. कर बसले, जमिनी गेल्या. १८४४ मध्ये ते स्वतंत्र झाले ते स्पेनपासून नव्हे, हैतीपासून. पण त्याच हैतीनं १८२२ मध्ये तिथली गुलामगिरी मोडली, हे त्यांच्या राज्यकर्त्यांना आठवत नाही. सल कुणाची आठवायची, कुठली विसरायची, हे वाडे ठरवतात. झोपड्यांनी ते पाठ करायचं असतं.

मग साखर आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं दोन्ही देशांत फौजा घातल्या. हैतीत १९१५ ते १९३४, डोमिनिकनमध्ये १९१६ ते १९२४. अमेरिकी भांडवलाचे साखर कारखाने वाढले आणि ऊस तोडायला स्वस्त हात पाहिजे झाले. सीमेपलीकडून हैतीचा माणूस आणला. कारखान्याच्या आवारात त्यांच्या राहण्याच्या बराकी, त्याला तिकडं बातेय म्हणतात. माणसं गोळा करून आणणारा दलाल, त्याला बुस्कोन म्हणतात. नाव काहीही असो, आपण त्याला ओळखतो. तो मुकादम आहे.

१९३७ च्या ऑक्टोबरात त्रुहियो नावाच्या हुकूमशहानं सीमेवरच्या हैतीयनांची कत्तल केली. मेलेल्यांचे अंदाज वेगवेगळे आहेत, काही हजारांपासून वीस हजारांच्याही वर. सांगतात असं, की सैनिक हातात पार्सलीची जुडी धरून विचारायचे, हे काय आहे? ही पार्सली म्हणजे आपल्या नारायणगावच्या बाजारात लिलावाला येते त्या कोथिंबिरीसारखीच भाजी. स्पॅनिशमध्ये तिला 'पेरेहिल' म्हणतात. हैतीयन माणसाच्या जिभेला त्यातला 'र' वळत नाही. उच्चार चुकला की माणूस मेला. आणि मारायला बंदुकीपेक्षा कोयते वापरले, म्हणजे हे सरकारनं नाही, चिडलेल्या गावकऱ्यांनी केलं असं म्हणता यावं.

आता यातली मेख बघा. त्या कत्तलीत अमेरिकी साखर कारखान्यांच्या फडातले हैतीयन बहुतेक वाचले. का वाचले? दया आली म्हणून? नाही. ऊस तोडायचा राहिला असता म्हणून! मेले ते सीमेवर आपापली शेती करणारे, पिढ्यान् पिढ्या तिथं राहणारे, डोमिनिकन शेजाऱ्यांशी सोयरिकी केलेले. म्हणजे परका नको होता असं नाही. फडात वाकलेला परका हवा होता, ताठ उभा राहिलेला परका नको होता. पुढं १९५२ पासून दोन्ही सरकारांनी रीतसर करार करून माणसं आणली. मारणारं राज्य तेच आणि पंधरा वर्षांनी करार करणारं राज्यही तेच.

१९९१ मध्ये हुकूम निघाला, सोळा वर्षांखालच्या आणि साठ वर्षांवरच्या हैतीयनांना देशाबाहेर काढा. म्हणजे कोयता धरता येत नाही ते पोर बाहेर, कोयता गळून पडला तो म्हातारा बाहेर. मधला राहू द्या. एवढं नागडं सत्य एखाद्या सरकारनं क्वचितच लिहून दिलं असेल.

आणि २३ सप्टेंबर २०१३ ला त्यांच्या घटनात्मक न्यायालयानं निकाल दिला. ऊसतोड मजुराची मुलगी, तिथंच जन्मलेली, ओळखपत्र मागायला गेली. न्यायालय म्हणालं, तुझे आईबाप वाटसरू होते, म्हणून तू नागरिक नाहीस. आणि हे फक्त तिला नाही, १९२९ पासून जन्मलेल्या अशा सगळ्यांना लागू. तीन-तीन पिढ्या एका निकालात परदेशी झाल्या. जगभर बोंब झाली, २०१४ मध्ये कायदा करून थोड्यांना परत घेतलं, बाकीचे लटकले. २०२४ च्या ऑक्टोबरात त्या सरकारनं जाहीर केलं, आठवड्याला दहा हजार हैतीयन हाकलणार. आणि साखरेचे कारखाने त्या वर्षी बंद पडले का? नाही पडले.

अजून एक गंमत. तो त्रुहियो, त्याच्या आईची आई हैतीयन वंशाची. तो स्वतः तोंडाला पावडर फासायचा म्हणतात. त्याच्या देशात बहुतेकांच्या अंगात आफ्रिकेचं रक्त आहे, पण ओळखपत्रावर रंगाच्या रकान्यात 'इंडियो' लिहायची चाल होती. काळा म्हणजे हैतीयन, आपण नव्हे! आपल्याला हे नवं आहे का? 'आम्ही त्यातले नाही' हे वाक्य आपल्या वस्त्यांत किती वेळा ऐकलंय? बाबासाहेबांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. प्रत्येकाला लाथ मारायला एक खालचा मिळतो, म्हणून वरची लाथ तो सोसतो.

०००

आता घरी या. तुम्ही म्हणाल, हे परदेशातलं आमच्यावर कशाला? बीडवाला तर आपल्याच राज्यातला. मग तर जास्तच लाज वाटायला पाहिजे!

तुमच्या बोलण्यात 'बीडवाले' हा शब्द शिवीसारखा येतो म्हणून विचारतो. १९७८ च्या जुलैत विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला तेव्हा घरं कुणाची जळाली? जुन्नरची? पुण्याची? मराठवाड्याची जळाली. पोचिराम कांबळे कुठं मारला गेला? नांदेड जिल्ह्यात. सोळा वर्षं त्यांनी तो मार खाल्ला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. आपण इकडं फ्लेक्स लावतो, 'नामांतरातील शहिदांना अभिवादन'. ज्यांच्या बापांनी ते सोसलं त्यांची पोरं गायरानात कोपी घालून बसलीत आणि आपण त्यांना उठवायचा अर्ज करतो. फ्लेक्स काढून ठेवा मग. अभिवादन मेलेल्यांना आणि हकालपट्टी जित्यांना, असं चालत नाही.

गायरानाचंही तेच. गायरान आपलं म्हणायला आपल्याला कुणी शिकवलं? दादासाहेब गायकवाडांनी. १९५९ मध्ये आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, माणसांनी तुरुंग भरले. पडीक जमीन कसणाऱ्याला आणि राहणाऱ्याला द्या, ही ती मागणी. आज त्याच गायरानातून भूमिहीनांना उठवा म्हणून आपण पंचायतीपुढं जातोय. उद्या पंचायत तेच गायरान कुणाच्या घशात घालील ते बघा. कोप्या उठल्यावर तिथं आपल्या पोरांना घरं मिळणार आहेत, असं अर्जावर कुठं लिहिलंय?

आता तुमचे आक्षेप घेतो. एकेक.

'ते मजुरी पाडतात.' हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, पोटाचा आहे. खाड्याच्या दिवशी त्यातले काही कांदा काढायला जातात आणि आपल्या बायांपेक्षा कमी रोजावर जातात, हे खरं आहे. का जातात? डोक्यावर उचल आहे, त्याला 'नाही' म्हणता येत नाही. नाही म्हणता न येणारा माणूस शेजारी उभा असला की आपली मजुरी पडते. त्याला हाकललं म्हणून ती चढत नाही. बागायतदार त्याच्या जागी त्याच्याहून लाचार माणूस आणतो. पश्चिमेच्या डोंगरातून आणील, दुसऱ्या जिल्ह्यातून आणील, दुसऱ्या राज्यातून आणील. डोमिनिकनमध्ये शंभर वर्षं हेच चाललंय. हैतीयनांना इतक्या वेळा हाकललं, फडातल्या मजुरीचं काय झालं? मजुरी चढवायचा रस्ता एकच. कांदा काढायचा रोज ठरवताना आपल्या बाया आणि त्यांच्या बाया एका ओळीत उभ्या राहिल्या पाहिजेत आणि आकडा एकच सांगितला पाहिजे. हे कठीण आहे. अर्जावर सही करणं सोपं आहे. म्हणून तर बागायतदाराच्या पोरानं तुमच्यापुढं अर्ज धरला!

त्याच बागायतदाराचं दुटप्पीपण बघा. ऊस वेळेत तुटावा म्हणून तो टोळीला खुशाली देतो, ट्रकवाल्याला एंट्री देतो, कोंबडं कापतो. ऊस तुटून गेला की त्याला घाण दिसते. ऊस उभा आहे तोवर टोळी 'आपली', ऊस संपला की 'बाहेरची'.

'ते घाण करतात.' संडास कुठाय त्यांना? कारखान्यानं दिला? पंचायतीनं दिला? ज्याच्या फडात राबतात त्यानं दिला? संडास न देता घाण करतात म्हणणं हा या देशातला सगळ्यात जुना कावा आहे. आपल्या आजोबांना पाणी न देता 'महारं अंघोळ करत नाहीत' म्हणायचे. आपण तो कावा ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

'ते चोऱ्या करतात.' गावात चोरी झाली की पूर्वी पोलीस पहिल्यांदा कुठं यायचे? मांगवाड्यात, पारध्यांच्या पालावर. पुरावा असेल तर माणसाचं नाव घेऊन तक्रार करा, मी साक्षीला येतो. पुरावा नसेल तर आख्ख्या टोळीवर बोट दाखवू नका. इंग्रजांनी १८७१ मध्ये अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता. तो तुम्ही गल्लीत पुन्हा काढायला निघालात.

'त्यातले जय भीमवाले राहू देत, बाकीच्यांना घालवू.' हे एकजण मला फार शहाणपणानं सांगत होता. त्याला वाटलं मी खूश होईन. मुळीच नाही! एका ट्रकमधून आलेल्या, एकाच मुकादमाच्या उचलीत अडकलेल्या माणसांतून जात बघून निवड करायची, हे काम मनूचं आहे, आपलं नाही. वंजाऱ्याच्या, बंजाऱ्याच्या मनात आपल्याविषयी काय असतं ते मला ठाऊक आहे. कोप्यांतसुद्धा मांगाची कोपी कडेला असते. ते भांडण आपण करू, कोपीत बसून करू. पण त्यासाठी आधी कोपी उभी राहिली पाहिजे.

'आपलं आधी भागू द्या, मग त्यांचं बघू.' आपलं कधी भागलं? आणि 'आधी स्थानिक' ही घोषणा कुणाची, तिचा इतिहास काय, हे तरी बघा. १९६६ मध्ये मुंबईत मराठी माणसाच्या नावानं सेना निघाली. पहिल्यांदा मद्राशी. इडली-डोशाची हॉटेलं फोडली. तेव्हा आपल्यातल्याही काहींना बरं वाटलं, नोकऱ्या मिळतील म्हणून. आठ वर्षं थांबा. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल कुणावर झाली? मद्राश्यांवर नाही, आपल्यावर. १० जानेवारीला पँथरच्या मोर्च्यात भागवत जाधव मारला गेला. तो मराठीच होता, स्थानिकच होता. भूमिपुत्रांच्या यादीत आपलं नाव पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, दोस्तांनो. खोडायला वेळ लागत नाही.

०००

आपण स्वतः कोण? जुन्नर, आंबेगाव, खेडमधून आपले आजे-पणजे मुंबईला गेले. गोदीत, रेल्वेत, गिरणीत. गिरणीत गेले तरी विणकाम खात्यात त्यांना घेत नव्हते, कारण कांडीचा धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि सूत बाटायचं. चार पैसे जास्त मिळणारं खातं आपल्याला बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं टाकला. नामदेव ढसाळ कुठला? खेड तालुक्यातल्या पूर-कनेरसरचा. बापाबरोबर मुंबईला गेला, म्हणून 'गोलपिठा' झाला. तिथल्या 'स्थानिकांनी' अर्ज करून त्याच्या बापाला उठवलं असतं तर?

कागदाचं म्हणाल तर ते दुखणं आपल्याला डोमिनिकनांच्या न्यायालयानं शिकवायला नको. जातीचा दाखला काढायला गेलेल्यानं मला सांगावं, १० ऑगस्ट १९५० ही तारीख काय असते ती. त्या तारखेला तुझा आजा कुठं राहत होता, दाखव. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसाचा १९५० चा कागद. दुसऱ्या राज्यात गेलेल्या आपल्या भावाला तर तिथं सवलतच नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये सांगून टाकलं. सीमा ओलांडली की अस्पृश्यता राहते, हक्क जातो. आणि १९५६ मध्ये आपण बुद्धाकडं गेलो तेव्हा? केंद्राच्या यादीतून बाहेर. १९९० पर्यंत बाहेर. चौतीस वर्षं आपण आपल्याच देशात ना आतले ना बाहेरचे. एका तारखेनं, एका ओळीनं माणूस कसा बाहेर पडतो हे ज्यानं भोगलंय त्यानं दुसऱ्यासाठी ती ओळ लिहू नये.

बाबासाहेबांनी घटनेत नागरिकत्व एकच ठेवलं. राज्याराज्याचं वेगळं नाही. देशात कुठंही जायचा, कुठंही राहायचा हक्क एकोणिसाव्या कलमात घातला. भाषावार राज्यांवर लिहिताना त्यांनी बजावलं, की अशा राज्यात मोठ्या संख्येची जात सत्ता घेईल आणि लहानांना चिरडील. 'स्थानिक' म्हणजे कोण याचा अर्थ ती जात ठरवणार, हे त्यांना दिसत होतं. तुम्हाला अर्जावरच्या सह्यांचा क्रम बघूनही दिसत नाही?

आणि हा जुन्नर तालुका! इथं कोण बाहेरचं नाही? शाळेच्या सहलीत लेण्याद्री चढलात. बुद्धाच्या लेण्यात गणपती बसलाय हे तुम्ही जोरात सांगता, बरोबर सांगता. पण लेण्यांवरचे लेख वाचा. इरिल नावाच्या यवनानं इथं पाण्याची दोन टाकी खोदून संघाला दान दिली. चित नावाच्या यवनानं भिक्खूंना जेवायला मंडप दिला. चंद नावाच्या तिसऱ्या यवनाचंही दान आहे. नाणेघाटानं चढून आलेले परके लोक. संघानं त्यांना विचारलं नाही, की तुम्ही बाहेरचे, तुमचं टाकं आम्ही कसं घ्यावं? घेतलं आणि दगडावर नाव कोरलं. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरच्या डोंगरात परका माणूस पाणी देत होता. आज त्याच बुद्धाच्या विहाराच्या ओट्यावरून आपण परक्याचं पोर उठवतोय.

मलिक अंबर तर आफ्रिकेतून विकत आलेला गुलाम. हबशी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं निजामशाही सावरली तेव्हा काही काळ हेच जुन्नर राजधानी होतं. हैतीच्या गुलामांचे भाऊबंद ज्या खंडातून नेले त्याच खंडातला माणूस इथं राज्य चालवून गेला. आणि आपण धारूरच्या माणसाला परका म्हणतो. आहे की नाही कमाल!

०००

आता करायचं काय ते सांगतो, नुसता राग काढून उपयोग नाही.

अर्ज मागं घ्या. ज्यांनी सह्या केल्यात त्यांनी पंचायतीत जाऊन स्वतःच्या हातानं, दुसऱ्या कागदावर लिहून द्या, की आमची सही या मागण्यांना नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी १४ एप्रिलच्या कमिटीत येऊ नये, असं मी बैठकीत मांडणार आहे. तिथं हरलो तरी मांडणार.

मग दुसरा अर्ज करू. टोळी जिथं उतरते तिथं पाण्याचा टँकर आणि फिरते संडास द्या, खर्च ज्यांच्यासाठी ती राबते त्यांच्याकडून घ्या. ऊसतोड कामगारांच्या नावानं महामंडळ आहे, टनामागं दहा रुपये कारखान्यांकडून त्यासाठी घ्यायचं ठरलंय. ते पैसे या कोप्यांपर्यंत कसे येतात ते विचारू. स्थलांतरित मजुरांचा १९७९ चा कायदा होता तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांना. बीडहून जुन्नरला येणारा त्यात बसलाच नाही. त्याच्यासाठी वेगळा कायदा मागू, आणि त्यात कोयता म्हणजे दोन माणसं असं लिहून घेऊ.

विहाराच्या ओट्यावर पोरं बसतात ना? बसू द्या. त्यांची शाळा दसऱ्याला सुटली ती उन्हाळ्यापर्यंत सुटलेलीच. आपल्यातली डी.एड., बी.एड. झालेली चार पोरं घरी बसून भरतीची वाट बघतायत. संध्याकाळी दोन तास त्या ओट्यावर पाटी घेऊन बसा. 'शिका' हा शब्द बाबासाहेबांनी आपल्या तालुक्यापुरता सांगितलेला नाही.

आणि नळ. नळावर बाया येतील. आपल्या आया-बहिणींना आधी समजावा, त्या तुमच्यापेक्षा लवकर समजतील. पाणी खरंच कमी पडलं तर दोन्हीकडच्या बायांनी मिळून रिकाम्या घागरी घेऊन पंचायतीत जायचं. आमच्याकडं ही बैठक येत्या पौर्णिमेला विहारात आहे. कोप्यांतल्या माणसांनाही निरोप दिलाय. फडातून सुटून यायला त्यांना उशीर होतो, म्हणून वेळ रात्री नऊची ठेवलीय.

ज्यांनी सह्या केल्यात त्यांनी तर याच.

जय भीम.

— एक कार्यकर्ता, ओझर, ता. जुन्नर